झारीला दीड कळेना

मनीषाकाकूंच्या वाफ्यातली चिंचेची रोपं वाळत चालली होती. शेजारच्याच वाफ्यात अश्विनीकाकूंच्या करंजांच्या मुळाशी चिखल साचून पानं पिवळी पडली होती. आणि त्याच्या पलीकडे सायलीकाकूंचे कडुनिंब मात्र असे टवटवीत, की बघत राहावं! माती एकाच ढिगातली, ऊन सगळ्यांना सारखं, पाणी घालणारीसुद्धा एकच. मग हा काय प्रकार होता?

पाणी घालणारी होती झारी. झारी म्हणजे हिंगणदऱ्याच्या रोपवाटिकेतला यंत्रमानव. चार चाकं, पोटात पाण्याची टाकी, पुढे नळीसारखा लांब हात आणि वर वाटीएवढं डोकं, एवढाच काय तो तिचा अवतार. पण गावाचा तिच्यावर भारी जीव होता. गावामागच्या उघड्याबोडक्या माळावर झाडं उभी करायची, असं हिंगणदऱ्यानं ठरवलं होतं. त्यासाठी रोपं वाढवायचं काम गावातल्या बायकांनी अंगावर घेतलं आणि त्यांच्या मदतीला कंपनीकडून झारी आली.

कुठल्या वाफ्याला किती पाणी द्यायचं, हे मात्र झारी ठरवत नसे. ते ज्या बाईचा वाफा तिनं ठरवायचं, अशी इथली पद्धत. सकाळी यायचं, चिमूटभर माती बोटांत चोळून बघायची आणि फोनवर निरोप बोलायचा. बोललेला निरोप अक्षरांत उतरून झारीकडे पोचायचा. झारी तो वाचायची आणि तेवढ्या बादल्या पाणी मोजून घालायची.

हे निरोप वाचायला तिला शिकवलं होतं सातवीतल्या केतकी शेंडगेनं. शाळेत मुलांना नुकतीच स्क्रिप्ट (संगणकानं एकामागून एक पाळायच्या सूचना, साध्या ओळींत लिहिलेल्या) लिहायला शिकवली होती. केतकीला त्याचं असं काही वेड लागलं, की झारीसाठीची स्क्रिप्ट तिनं एकटीनंच लिहून काढली. "आमच्या केतकीनं शिकवलंय तिला," असं मनीषाकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि केतकी उगाचच चपलेकडे बघायची.

त्याच मनीषाकाकू आज कंबरेवर हात ठेवून वाफ्यापाशी उभ्या होत्या.

"बघ गं केतकी, काय दशा केलीया माझ्या चिंचंची! रोज सांगती हिला, रोज! ह्या कानानं ऐकती न् त्या कानानं सोडून देती."

"काकू, तिला कान नाहीत. ती वाचते," केतकी हळूच म्हणाली.

"मग डोळं फुटलं असतील तिचं! यंत्रच खराब हाय. मी कंपनीला कळवलंय. उद्या सकाळी गाडी येतीया, घेऊन जातील."

परत गेलेल्या यंत्राची स्मृती (आजवर शिकलेलं सगळं) पुसून टाकतात, हे केतकीला माहीत होतं. म्हणजे झारी कुठेतरी पुन्हा कामाला लागली, तरी ती झारी नसणार. तिला केतकी आठवणार नाही, चिंच आणि करंज यांतला फरकही आठवणार नाही. केतकीला रडूच यायला लागलं, पण काकूंसमोर कसलं रडायचं? ती तडक घरी पळाली.

घरी अमोलआजोबा मिक्सर खोलून बसले होते. अमोलआजोबा म्हणजे केतकीच्या आईचे वडील. आयुष्यभर त्यांनी उपग्रह वर पाठवले. आता मात्र लेकीच्या घरचा मिक्सर काही त्यांना दाद देत नव्हता.

"आजोबा, झारी बिघडलीय. उद्या तिला नेणार."

"बिघडलीय असं कोण म्हणतं?"

"सगळेच."

"आणि झारी काय म्हणते?"

झारीला कुणी विचारलंच नव्हतं.

"चल, तिलाच विचारू," आजोबा पाना खाली ठेवत म्हणाले. मिक्सरला तेवढीच विश्रांती मिळाली.

ऊन कलतीला लागलं होतं. बायका घरी गेल्या होत्या आणि झारी विहिरीजवळ टाकी भरून घेत होती. केतकी तिला घेऊन एकेका वाफ्यापाशी थांबायला लागली. सुरुवात अर्थात चिंचेपासून.

"झारी, मनीषाकाकूंनी आज काय निरोप दिला?" केतकीनं फोन तोंडाजवळ धरून विचारलं.

"चिंचेला दीड बादली घाल," झारीनं जसाच्या तसा वाचून दाखवला.

"मग तू किती घातलंस?"

"शून्य," झारी आनंदानं म्हणाली. तिचा आवाज कायमच आनंदी असे, त्याला ती तरी काय करणार!

केतकीनं कपाळावर हात मारला. "अगं, दीड सांगितलं तर शून्य कसं?"

"पुढे चल," आजोबा म्हणाले. "एका वाफ्यावरून निकाल देऊ नये."

करंजांचा निरोप होता, पावणेदोन बादल्या. झारीनं घातल्या होत्या दोन. कडुनिंबांना तीन सांगितल्या होत्या, तिनं तीनच घातल्या होत्या. सायलीकाकूंना पाव-अर्ध्याची भानगड आवडत नसे, त्या नेहमी आख्खा आकडाच सांगत. कोपऱ्यातल्या हिवराच्या रोपांना साडेतीन सांगितल्या होत्या आणि मिळाल्या होत्या तीन.

केतकी मध्येच थबकली.

"आजोबा, आख्खा आकडा असला की बरोबर होतंय. पाव, अर्धा आला की चुकतंय!"

"हं. आता आपल्याला नमुना (पुन्हा पुन्हा तशीच घडणारी गोष्ट) सापडला. झारी बिघडली असती, तर तिनं कसंही, कुठंही चुकायला हवं होतं. ही तर अगदी शिस्तीत चुकतेय. शिस्तीत होणारी चूक कुठून तरी शिकलेली असते."

कुठून, हे विचारायची गरज नव्हती. केतकीनं फोनवर स्वतःचीच स्क्रिप्ट उघडली. एकापासून वीसपर्यंतच्या आकड्यांसाठी तिनं एकेक ओळ लिहिली होती. आजोबांनी त्यातली एक मोठ्यानं वाचायला सांगितली.

"निरोपात 'तीन' सापडलं, तर तीन बादल्या घाल," केतकीनं वाचलं.

"आता तू झारी हो. तुला साडेतीनचा अर्थ माहीत नाही. तुझ्यासमोर नुसती अक्षरांची माळ आहे. तीत 'तीन' सापडतं का बघ."

"साडे... तीन. हो की! शेवटी आहे. म्हणजे तिला तीन सापडलं आणि तिनं तीन घातल्या. आधीच्या 'साडे'कडे तिनं बघितलंच नाही."

"बघायला सांगितलं होतं का?"

"नाही," केतकी म्हणाली. "आणि पावणेदोनमध्ये तिला दोन सापडलं. पण आजोबा, दीडमध्ये तर काहीच सापडत नाही."

"मग शेवटची ओळ वाच."

ती ओळ केतकीनं मोठ्यानं वाचली नाही. 'काहीच सापडलं नाही, तर शून्य.' अनोळखी निरोप आला की स्क्रिप्ट मध्येच थांबायची आणि तक्रार करायची. त्या तक्रारीला वैतागून तिनं एका दुपारी ही ओळ घालून टाकली होती. तक्रार बंद झाली आणि केतकी खूश होऊन खेळायला गेली होती.

तिला आता फार लाज वाटली. गावभर जिचं कौतुक चाललं होतं, त्याच स्क्रिप्टनं काकूंची चिंच उपाशी ठेवली होती. आणि दोष सगळा झारीच्या माथी!

"मी एवढी तपासली होती," ती पुटपुटली. "एक बादली, दोन बादल्या, सगळं बरोबर यायचं."

"तू तुझे निरोप देऊन तपासलीस. काकूंचे नाही," आजोबा म्हणाले. "माझ्या एका उपग्रहाला आम्ही असंच शिकवलं होतं. ती गोष्ट मात्र तुझ्या आईला सांगू नकोस. बस इथे, दुरुस्त करू."

दोघं विहिरीच्या कट्ट्यावर बसली. साडेतीन, साडेचार, साडेपाच असा प्रत्येक शब्द वेगळा लिहायला केतकीनं सुरुवात केली, तेव्हा आजोबांनी तिला थांबवलं.

"सगळे लिहीत बसशील तर दमशील. साडे म्हणजे काय होतं?"

"अर्धा जास्त."

"सव्वा?"

"पाव जास्त. आणि पावणे म्हणजे पाव कमी." केतकीचे डोळे चमकले. "म्हणजे आधी आकडा शोधायचा, मग त्याच्या अगोदर काय चिकटलंय ते बघायचं!"

तिनं झरझर तीन ओळी लिहिल्या. साडे असेल तर अर्धी बादली मिळव, सव्वा असेल तर पाव मिळव, पावणे असेल तर पाव वजा कर. तीन ओळींत किती तरी शब्दांचं काम झालं. यालाच नियम म्हणतात: एकेक उत्तर पाठ करण्याऐवजी उत्तर काढायची रीत सांगायची. दीड आणि अडीच मात्र कुठल्याच नियमात बसेनात. साडेएक आणि साडेदोन कोण म्हणतं! या दोघांना अपवाद (नियमाबाहेरची गोष्ट) म्हणून स्वतंत्र ओळी मिळाल्या. पाव, अर्धी, पाऊण आणि नुसतं सव्वा यांनाही.

"झारी, पावणेतीन बादल्या घाल बरं," केतकीनं ऐटीत फोनवर सांगितलं.

झारीनं रिकाम्या जागेवर पाण्याची एक पिचकारी टाकली आणि थांबली. पाव बादली! बस्स!

केतकीचा चेहरा पडला. आजोबा मात्र खो-खो हसायला लागले. "पावणेतीनची पहिली दोन अक्षरं बघ!"

"पाव! शी! पुन्हा तेच!" 'पावणे'च्या पोटात 'पाव' दडलेलं होतं आणि झारीला आधी तेच सापडलं होतं. सूचना वरून खाली पाळल्या जातात. म्हणून केतकीनं लांब शब्द वर नेले आणि आखूड शब्द खाली ठेवले. मग पुन्हा पावणेतीन सांगितलं. या वेळी झारी दोन बादल्या आणि वर पाऊण घालून थांबली. त्यानंतर आजोबांनी निरनिराळे आकडे सांगितले, आडवेतिडवे निरोप दिले. झारी एकदाही चुकली नाही.

"झालं!" केतकी उठली.

"शेवटची ओळ?"

"ती आता लागणारच नाही ना. सगळे शब्द आले."

"खरंच सगळे आले?" आजोबांनी विचारलं. "असं बघ. परीक्षेचा निकाल अजून लागला नाही आणि कुणी तुझे गुण विचारले, तर शून्य सांगशील?"

"छे! अजून माहीत नाही म्हणेन."

"शून्य वेगळं आणि माहीत नाही हे वेगळं. तू झारीला माहीत नाही म्हणायची परवानगीच दिली नाहीस."

केतकी परत खाली बसली. तिनं ती ओळ पुसली आणि तिथे नवी लिहिली: 'काहीच सापडलं नाही, तर विचार.'

सकाळी कंपनीची गाडी आली, तेव्हा केतकी आधीच वाफ्यापाशी उभी होती. रात्रभर तिनं मनात घोकलेलं सगळं भाषण मनीषाकाकूंना बघताच पळून गेलं.

"काकू, झारीची चूक नाही," ती एका दमात म्हणाली. "माझी आहे. मी तिला दीड शिकवलंच नव्हतं."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग वाळक्या रोपांकडे बघत राहिल्या. केतकीला वाटलं, यापेक्षा ओरडल्या असत्या तरी बरं झालं असतं.

"म्हंजी मी रोज दीड म्हणत हुते आन् तिला कायच ऐकू येत नव्हतं?"

"हो."

"मग हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"मलाच काल कळलं. आता शिकवलंय. एकदा बघा ना, काकू. मग वाटलं तर न्या म्हणा."

काकूंनी गुडघ्यावर बसून मातीची चिमूट चोळली आणि फोन तोंडाजवळ धरला. "अडीच घाल."

झारी गरगरत आली. एक बादली घातली, दुसरी घातली. एव्हाना जमलेल्या बायका पुढे सरकल्या. झारीनं बरोबर अर्धी बादली आणखी घातली आणि हात वर घेतला. अश्विनीकाकूंनी लगेच पावणेदोन सांगून बघितलं. तेही बरोबर! सायलीकाकूंनी तर जन्मात पहिल्यांदा सव्वातीन मागितलं, आणि तेही मिळालं.

मनीषाकाकूंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्या कडेच्या एका वाळक्या रोपाची साल नखानं खरवडत होत्या. आत हिरवं दिसलं. दुसऱ्याची खरवडली, तिथेही हिरवं होतं. काही रोपं गेली होती, पण बरीच अजून जिवंत होती.

"ह्यांस्नी एकदम लई पाणी सोसायचं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या आणि फोनवर बोलल्या, "कडंच्या रोपांना जरासं घाल."

झारी जागच्या जागी थांबली. ना पाणी, ना आवाज.

"घ्या, पडली बंद," गाडीवाला म्हणाला. "चढवू का मागं?"

तेवढ्यात झारीनं वाटीएवढं डोकं काकूंकडे वळवलं.

"काकू, जरासं म्हणजे किती?"

सगळ्या बायका एकदमच बोलायला लागल्या. अश्विनीकाकू म्हणाल्या पाव बादली, सायलीकाकू म्हणाल्या छे, अर्धी तरी हवीच. तिसरी कुणी म्हणाली, ते ऊन किती आहे त्यावर असतं. केतकी एकेकीचं ऐकून घाईघाईनं फोनमध्ये टिपून घेत होती. तिच्या डोक्यात नव्या ओळी जुळायलाही लागल्या होत्या. आणि झारी हात उचलून शहाण्यासारखी उत्तराची वाट बघत होती.

मनीषाकाकूंनी पदराला हात पुसले आणि त्या गाडीवाल्याकडे वळल्या.

"जावा तुमी," त्या म्हणाल्या. "पोरगी शिकतीया अजून. मधनंच शाळा सोडवून कशी पाठवू?"