हिलारियोची यादी

फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरच्या छोट्या इस्पितळात डेल्फिना अठरा वर्षं नोंदी ठेवत होती. त्या सकाळी तिच्यापुढं साधंच काम होतं. जुना संगणक कायमचा बंद पडला होता. त्यातला रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्राम आता नव्यावर चालवायचा होता. तो इस्पितळातच, हिलारियोनं लिहिलेला. हिलारियो मुळात इथला वायरमन. पुस्तकं वाचून स्वतः शिकला आणि डेल्फिनालाही शिकवलं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

नवं यंत्र दाद देईना. 'हा प्रोग्राम इथे चालणार नाही,' एवढंच पुन्हा पुन्हा.

"तुमच्यासारखाच हट्टी आहे हो, नोंग," ती पुटपुटली. हिलारियोला ती नेहमीच 'नोंग', म्हणजे थोरला दादा, म्हणायची.

बाहेर वारा माडांना झोडपत होता. समोरच्या इलोइलो शहराच्या बोटी बंद होत्या. अकराच्या सुमाराला नर्स तेरेसिंग धावत आली. वयानं मोठी, म्हणून डेल्फिना तिला 'मानांग', ताई, म्हणायची.

"डेल, बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह लागतंय. आपल्याकडे एकही पिशवी नाही, अन् बोट तर..."

"यादी यातच अडकलीय, मानांग. जरा दम धर."

"मी धरीन गं, ती कुठून धरणार?"

डेल्फिनानं शेवटचा उपाय केला. नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला लावलं. पडदा काळा झाला. आणि मग... कर्र-कट, कर्र-कट. जुनी डिस्क फिरल्याचा आवाज. नव्या संगणकात तर फिरणारी डिस्कच नव्हती. पाठोपाठ पुदिन्याच्या तेलाचा उग्र वास आला. हिलारियो गुडघ्यांना चोळायचा ते तेल. डेल्फिनाकडून एक कळ चुकली. हिरवी अक्षरं उमटली:

'सावकाश, इंदाय. एकेक कळ.' 'इंदाय', म्हणजे पोरी, असं तिला फक्त हिलारियोच म्हणायचा.

"हे... त्यानं आधीच लिहून ठेवलं असेल?" तेरेसिंग कुजबुजली.

"यातली ओळ न् ओळ मला पाठ आहे, मानांग. हे... नाही त्यात."

तरी तिनं सांगितल्याप्रमाणं सावकाश टंकलं. तीन नावं आली. पहिला दाता वारलेला, दुसरा दूर जहाजावर. तिसरी मिलाग्रिना, बेटावरच्याच नुएवा वालेंसिया गावची. तिनं पहिल्याच घंटीला फोन उचलला, तासाभरात ती ट्रायसिकलनं, तिथल्या तीनचाकी रिक्षेनं, येऊन पोचली. रक्त जुळलं. दोन वाजता बाळंतिणीनं डोळे उघडले आणि बाळ मागितलं.

मिलाग्रिनाला कॉफी देताना डेल्फिनानं सहज विचारलं, "यादीत नाव कधी दिलंत हो?"

"मी? कुठली यादी? मी तर गेल्या वर्षी लग्न होऊन या बेटावर आले. या इस्पितळात आज पहिल्यांदा पाऊल ठेवतेय."

डेल्फिना नोंदींच्या खोलीत परतली. मिलाग्रिनाची नोंद त्याच दिवशीची होती, सकाळी नऊची. तेव्हा प्रोग्राम सुरूही झाला नव्हता. तिला भीती वाटायला हवी होती. डोळेच भरून आले.

"वाचली हो बाई, नोंग," ती म्हणाली. "आता निजा."

यादी आपोआप एक ओळ वर सरकली. खाली नवी नोंद उघडली. तारीख उद्याची. गट एबी निगेटिव्ह, डेल्फिनाचाच. दात्याची जागा रिकामी. रुग्णाच्या नावापाशी एक अक्षर उमटलं... पुसलं गेलं... पुन्हा उमटलं. लिहावं की नाही, हेच लिहिणाऱ्याला ठरवता येत नसावं.