आनफिनच्या बोटीचं बूच

हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो ओडवर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. शेवटचा भाग तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पाहिला नसता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

जागा होल्मेविक. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं चार घरांचं गाव. वेळ गेल्या नोव्हेंबरातली.

रात्र नव्हती. पण नोव्हेंबरात आमच्याकडे दुपारीच दिवे लावावे लागतात, आणि त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता.

ओडवर सगळं आयुष्य फेरीबोटीवर इंजिन सांभाळत होता. मग समुद्राखालून बोगदा झाला. फेरी बंद पडली. निरोपाला सगळ्यांनी मिळून केक कापला, आणि दुसऱ्या दिवसापासून ओडवर सोफ्यावर आडवा झाला तो झालाच.

आजार काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. तो फक्त दमलेला असायचा. झोपून उठला तरी दमलेलाच.

"दमायला तू केलंस काय?" तूरिद विचारायची. तूरिद म्हणजे माझी बहीण.

"तेच तर," तो म्हणायचा. "काही केलं नाही की जास्त दमायला होतं."

ती चेष्टा करायची, पण आतून घाबरली होती. ओडवरचे वडील असेच निवृत्त झाल्यावर सोफ्यावर पडले होते. ते नंतर उठलेच नाहीत.

म्हणून तिने ती जाहिरात शोधून काढली. जुनी लाकडी मोटरबोट. इंजिन नाही. जो नीट करील त्याला फुकट.

"माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं," ती म्हणाली. "नुसती बघून ये. नाही आवडली तर ये आणि पड परत."

"कोणाची आहे?"

"मोलफ्रीदची."

ओडवर कोपरावर उठला.

"म्हणजे आनफिनची."

"आनफिनची काय नि आणखी कोणाची काय. लाकूड लाकूडच असतं."

आता ते बुचाचं सांगायला हवं.

लाकडी बोटीच्या बुडाला एक भोक असतं. हिवाळ्यात बोट किनाऱ्यावर घेतली की त्या भोकाचं बूच काढून घरी ठेवतात, आत साठलेलं पाणी वाहून जावं म्हणून. वसंतात बोट पुन्हा पाण्यात सोडायची तर आधी बूच लावायचं. आमच्या किनाऱ्यावर ते एकदाही विसरला नाही असा माणूस सापडणार नाही. बहुतेकांचे बूट भिजतात आणि जन्मभर चेष्टा होते. ओडवरचीही व्हायची.

आनफिनची चेष्टा करायला कोणाला मिळाली नाही.

कारण हिवाळाभर सुकलेल्या बोटीच्या फळ्यांना फटी पडलेल्या असतात. पाण्यात सोडल्यावर सुरुवातीला ती गळतेच. लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी आपोआप मिटतात. त्यामुळे तळाला पाणी दिसलं तरी कोणी घाबरत नाही. पिऊ दे तिला, म्हणतात आणि निघतात. आनफिनही तसाच निघाला. संध्याकाळी बोट खडकापाशी सापडली, काठोकाठ भरलेली. आनफिन सापडला नाही. बूच त्याच्या बायकोच्या, मोलफ्रीदच्या स्वयंपाकघरात, खणात होतं.

या गोष्टीला आता एक तप होऊन गेलं.

ओडवर पोचला तेव्हा मोलफ्रीदने वॉफल केले होते. वर तपकिरी चीज. ओडवरने एक संपवला तसा तिने दुसरा वाढला, आणि मग टेबलावर त्याच्यासमोर ते बूच ठेवलं. मुठीत मावेल एवढं, काळं पडलेलं लाकूड.

"बघायला जातोस तर हे घेऊन जा. भोकात बसतंय का बघ."

"बूच घेतलं म्हणजे बोट घेतली असं होतं ना, मोलफ्रीद. मी अजून काही ठरवलेलं नाही."

"मग नाही घेतलीस तर परत आणून दे. मी कुठे पळून चाललेय?" ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "पळायचंच आहे खरं तर. मुलगी कधीची बोलावतेय. पण ती बोट खाली असताना माझा पाय निघत नाही. दमले रे मी, ओडवर."

त्याने मान हलवली. ते त्याला कळत होतं.

"बोटघरात कोणी जातं-येतं?"

"कोण जाणार? बोट आणून ठेवली त्या दिवशी दार लावलं. आज तुझ्यासाठी कुलूप काढलं."

ओडवर एकटाच खाली गेला.

दार रडत-कुरकुरत उघडलं. आत अंधार. दगडी जमीन कोरडी ठणठणीत. मधोमध लाकडी ठोकळ्यांवर बोट उभी.

पहिली गोष्ट त्याच्या लक्षात आली ती वासाची.

इतकी वर्षं बंद राहिलेल्या जागेला कुबट वास येतो. इथे तो नव्हता...

इथे समुद्राचा वास होता. ताजा.

कोळिष्टकंही नव्हती. छताला होती, भिंतींना होती. बोटीवर एकही नाही.

त्याने खिशातला चाकू काढून फळीत टोचला. लाकूड भक्कम होतं. आणि ओलं.

त्याला बरं वाटलं, खरं सांगायचं तर. कित्येक महिन्यांनी त्याच्या हातांना काही करावंसं वाटत होतं. कुठली फळी बदलावी लागेल, कुठला रंग खरवडायचा, इंजिन कुठून मिळेल, हे सगळं डोक्यात आपोआप सुरू झालं. वसंतापर्यंत तयार होईल, असं त्याला वाटलं.

मग त्याने ती परीक्षा केली जी इथे प्रत्येकजण करतो. टॉर्च पेटवून बोटीच्या आत ठेवला, आणि अंधारात बाहेरून बोटीभोवती फिरला. जिथे फट असेल तिथून उजेडाची रेघ दिसते.

तो सावकाश फिरला. नाकापासून शेपटीपर्यंत.

एकही रेघ नाही.

एवढी वर्षं जमिनीवर सुकलेली बोट. फळ्यांमधून हात जायला हवा होता. पण सगळे सांधे घट्ट होते. जशी बोट काल संध्याकाळीच पाण्यातून वर घेतली असावी...

तो मागच्या बाजूला वाकला. बुडाचं भोक चाचपलं. निदान तिथून तरी उजेड यायला हवा होता. एक गोल ठिपका.

तिथेही अंधार.

बूच तर त्याच्या खिशात होतं.

मग आत काय होतं?

तो शिडीने वर चढला. टॉर्च उचलला. मागच्या तळफळ्या, म्हणजे बोटीत पाय ठेवायच्या सुट्या फळ्या, एकेक करून बाजूला केल्या.

भोकात हातमोजा होता. मासेमारीला वापरतात तसा, जाड करड्या लोकरीचा. त्याचा अंगठा भोकात खाली घातलेला होता. मोज्यातून पाणी निथळत होतं.

कोणीतरी कोंबला असेल, असं म्हणून ओडवरने तो ओढला.

मोजा आला नाही.

त्याने पुन्हा ओढला. मोजा रिकामा नव्हता. आत हात होता. ओडवरच्या पकडीत तो आणखी जोराने खाली दाबला गेला...

मनगटाच्या वर मात्र काही नव्हतं.

छतावरचा पाऊस ऐकू येईनासा झाला.

छप्...

छप्... छप्...

बाहेरून, फळ्यांवर पाणी आपटत होतं. कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीच्या फळ्यांवर.

त्याच्या डोक्याच्या आधी त्याच्या गुडघ्यांना कळलं. फेरीवर आयुष्य काढलेले ते गुडघे. ते हळूच वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. बोट लाटेवर डोलत होती.

पळायला हवं होतं. मी त्याला विचारलं, पळाला का नाहीस?

"पळायलाही जीव लागतो," तो म्हणाला. "मी बसलो."

तो तळफळीवर बसला, त्या हाताशेजारी. त्याला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त कीव आली. इतकी वर्षं एक माणूस अंगठा दाबून बसला होता. आपण सोडलं तर बुडू, म्हणून. मोज्यातला हात थरथरत होता. दमलेल्या हाताची थरथर ओडवरला ओळखू आली.

त्याने खिशातून बूच काढलं.

"आनफिन," तो म्हणाला. फेरीवर पाळी बदलताना बोलायचा तसं, साधं. "आता मी आलोय. मी सांगितलं की काढ, मी लावतो. काढ."

काही झालं नाही.

"काढ बाबा. पुरे झालं."

हात ढिला पडला. मोजा नुसता मोजा झाला, आणि भोक उघडं पडलं.

खालून पाणी उसळून आत आलं.

जमिनीवर उभ्या बोटीत, खालून, गार खारट पाणी. ते इतक्या जोरात आलं की बूच ओडवरच्या हातातून निसटून तळफळ्यांखाली गेलं. त्याला काही सुचलं नाही. त्याने स्वतःचा उजवा अंगठा भोकात घातला आणि दाबला.

किती वेळ ते त्याला सांगता येत नाही. डाव्या हाताने तो चाचपडत होता. पाणी मनगटापर्यंत चढलं होतं. अंगठ्याला खालून काहीतरी ढकलत होतं, आणि त्याला एवढंच कळत होतं की हा अंगठा काढायचा नाही.

शेवटी बूच हाताला लागलं. त्याने अंगठा काढला आणि बूच ठोकून बसवलं.

मागे कोणीतरी लांब श्वास सोडला...

मग बोट जराशी वर उचलली गेली. बोटीतून माणूस उतरला की उचलली जाते, तेवढीच.

पाऊस पुन्हा ऐकू येऊ लागला.

ओडवर वर घरात गेला तेव्हा त्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. मोलफ्रीदने बाहीकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या मोज्याकडे. तिने तो घेतला, पिळला आणि शेगडीच्या दांडीवर वाळत घातला. नवरा समुद्रावरून आला की रोज घालत असेल तसा.

"घेतो मी बोट," ओडवर म्हणाला.

दोघांनी हात मिळवले. आमच्याकडे तेवढं पुरतं.

त्या संध्याकाळी तो तूरिदला किती वेळ बोटीबद्दलच सांगत होता, म्हणे. मोज्याचं नाही. फळ्यांचं, रंगाचं, इंजिनाचं. दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधी उठला. तिने मला फोन करून सांगितलं, आणि सांगताना रडली.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं ट्रेलर घेऊन बोट आणायला गेलो. मोलफ्रीद मुलीकडे निघून गेली होती. किल्ली दारालाच ठेवली होती.

आता मी पाहिलं ते सांगतो.

बोट सुकून खडखडीत झाली होती. फळ्यांमध्ये एवढ्या फटी की पलीकडची भिंत दिसत होती. खिळे गंजून गळलेले. नाकापासून शेपटीपर्यंत कोळिष्टकं, आणि त्यांवर वर्षानुवर्षांची धूळ. मी एका फळीला हात लावला तर तिचा तुकडा हातात आला. हे जळणाचं लाकूड होतं. यातून बोट होणं शक्य नव्हतं.

"हीच बोट?" मी विचारलं.

ओडवरने वाकून बूच चाचपलं. ते घट्ट बसलेलं होतं. मी जोर लावून पाहिलं, निघेना. भोवतालची फळी भुसभुशीत, आणि बूच मात्र हलत नव्हतं.

"राहू दे ते," तो म्हणाला.

आम्ही रिकामा ट्रेलर घेऊन परत आलो. वाटेत तो गाडी एका हाताने चालवत होता. उजव्या हाताचा अंगठा सीटवर दाबून धरला होता. मी पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

ओडवर आता सोफ्यावर पडत नाही. तूरिदला हवं होतं तसंच झालं. तो सगळ्यांच्या आधी उठतो, म्हणजे खरं तर झोपतच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो, उजवा अंगठा लाकडावर दाबून. कॉफी डाव्या हाताने पितो.

"काढ ना तो," मी एकदा म्हणालो.

"काढतो," तो म्हणाला. "जरा थांब."

टेबल कोरडं असतं. मी खाली वाकूनही पाहिलं आहे.

ईस्टरला मी त्यांच्याकडे गेलो. दार तूरिदने उघडलं नाही, आतूनच हाक मारली, "ये, उघडंच आहे." ओडवर सोफ्यावर गाढ झोपला होता, तोंड उघडं टाकून. इतक्या महिन्यांनी त्याला झोपलेला पाहून मला आनंद झाला.

मग मी टेबलाकडे पाहिलं.

तूरिद त्याच्या खुर्चीत बसली होती. उजवा अंगठा टेबलावर. डोळ्यांखाली काळं. नखाभोवतीचं कातडं पांढरं पडून सुरकुतलेलं, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखं.

मी हसण्याचा प्रयत्न केला. "हे काय, तूही?"

"त्याला थोडं झोपू दे," ती म्हणाली. "पाळी लावली आहे आम्ही."

"तूरिद, हे नुसतं टेबल आहे."

"हो," ती म्हणाली. "मीही त्याला तेच म्हणायचे. मग एकदा त्याने मला इथे अंगठा ठेवायला लावला." तिने अंगठा आणखी दाबला. "खालून ढकलतं रे."

मी तिच्यासाठी कॉफी ओतली. तिने डाव्या हाताने कप घेतला. सोफ्यावर ओडवर घोरत होता.

निघताना तिने मला थांबवलं. ती कधी कोणाकडे काही मागत नाही, अगदी लहानपणापासून.

"येत्या रविवारी येशील का तू?" ती म्हणाली. "आम्हा दोघांना एकदा एकाच वेळी झोपायचं आहे."

मी बघतो म्हणालो.

रविवार परवावर आला आहे. तिला अजून मी काही कळवलेलं नाही.