एका श्वासाची जागा

बँडोनिऑनची, म्हणजे माझ्या भात्याच्या वाद्याची, जड पेटी लिफ्टच्या दारात अडकली नसती, तर मी त्याच्याशी बोललेच नसते. ब्वेनोस आइरेसमधल्या आमच्या जुन्या इमारतींत लिफ्टला दोन जाळ्या असतात. दोन्ही नीट लागल्याशिवाय ती जागची हलत नाही. आत एक जण उभा होता. हातात थर्मास, केसांवर आमच्याकडच्या जुलैतल्या हिवाळ्याचं बारीक धुकं... त्याने पायानेच माझी पेटी अलगद आत सरकवली.

"कुठला मजला?"

"पाचवा. आणि प्रार्थना कर, तिथल्या संकलकाचा आज माझ्या हातून खून होऊ नये."

"काय केलं बिचाऱ्याने?"

"बिचारा? त्या गाढवाने चित्रपट जोडताना तात्पुरती म्हणून कुणाची तरी उसनी चाल लावून ठेवली. आता दिग्दर्शिकाबाईंच्या कानात तीच बसलीय. मला म्हणतात, रोसिओ, अगदी अशीच कर."

"मग कर की."

"नक्कलच हवी तर मी कशाला हवी?"

त्याने दोन्ही जाळ्या लावून घेतल्या. पाचव्या मजल्यावर त्याने खिशातून किल्ली काढून संकलनाची खोली उघडली आणि म्हणाला, "ये. गाढव आधी येर्बाचा काढा पाजतं, मग लाथा खातं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हसूही आलं. त्याचं नाव गास्पार.

दिग्दर्शिका ओलिंदाबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं – शुक्रवारी तुझी चाल मनात भरली नाही, तर त्या उसन्या चालीचेच हक्क घेऊ. त्याआधी मी फक्त साबणाच्या नि नूडल्सच्या जाहिरातींना संगीत दिलं होतं. हा माझा पहिला चित्रपट होता आणि तो मी हातचा जाऊ देणार नव्हते.

आम्ही रोज दुपारी कामाला बसायचो. येर्बाचा कडू काढा, पेल्यासारखा कोरलेला एकच भोपळा, एकच नळी. तो गरम पाणी ओतायचा, मी पिऊन भोपळा परत द्यायची, मग त्याची पाळी. देताना त्याची बोटं जरा रेंगाळायची... की मलाच तसं वाटायचं?

अडलं ते शेवटच्या प्रसंगाला. नावाड्याची मुलगी घर सोडून निघते आणि धक्क्यावरून एकदा मागे वळून बघते. तिथे माझ्या चालीत बँडोनिऑनचा भाता उघडतो, एक लांब श्वास घेतो आणि मग शेवटचा सूर लागतो. पण श्वास पुरा व्हायच्या आतच मुलगी पडद्यावरून नाहीशी व्हायची.

"श्वास कमी कर," गास्पार म्हणाला. "बाईंनी चित्राला कुलूप लावलंय. आता एक फ्रेमही हलायची नाही. संगीत चित्राच्या मागून चालतं, हे तुला मी सांगायचं?"

"ती घर सोडतेय, गास्पार. तिला श्वास तरी घेऊ दे."

"हट्टी आहेस."

"हट्टी नसते तर अजून नूडल्सच शिजवत बसले असते."

"कुलूप उघडलं तर माझी नोकरी जाईल, रोसिओ."

"उघड असं मी कुठे म्हटलं? मी माझा सूर कापणार नाही, एवढंच म्हटलं."

रागाच्या भरात मी भोपळा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "धन्यवाद."

आमच्याकडे येर्बा पिताना कुणी आभार मानत नाही. मानले, तर त्याचा अर्थ – पुरे झालं, आता नको. गास्पारचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने पुन्हा भोपळा भरला नाही. घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं, पण सूर मी कापला नाही.

शुक्रवारी ओलिंदाबाई शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या. गास्पार माझ्याकडे बघेना. चित्रपट सुरू झाला. शेवटचा प्रसंग आला, भाता उघडला, आता ती जाणार म्हणून मी मूठ आवळली... आणि ती गेली नाही. वाऱ्याने एक बट गालावर आली, तिने ती मागे सारली, तिचे डोळे भरले. श्वास पुरा झाल्यावरच ती वळून चालू लागली.

"गास्पार," बाई म्हणाल्या, "मी कुलूप लावलं होतं."

"मी उघडलं. उसनी चाल लावायची चूकही माझीच होती. काढायचंच असेल तर मला काढा, पण तो श्वास ठेवा."

बाईंनी शाल घट्ट ओढून घेतली. मग म्हणाल्या, "पुन्हा दाखव."

दुसऱ्यांदा बघताना शालीचं टोक त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. उठता उठता त्या म्हणाल्या, "ती उसनी चाल पुसून टाक. आणि पुन्हा मला न विचारता हात लावलास तर कान उपटीन."

बाई गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"नोकरी पणाला लावलीस... कशासाठी?"

"तुला ठाऊक आहे."

"असू दे. तरी सांग."

"तू आवडतेस मला," तो थर्मासकडे बघत म्हणाला. "लिफ्टमध्ये शिव्या देत होतीस ना – तेव्हापासून."

"मलाही तू आवडतोस. गाढव असलास तरी."

त्याने भोपळा भरून माझ्यापुढे धरला. कडू आणि गरम – मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि परत दिला. तो माझ्या ओठांकडे बघत थांबला होता, आता मी काय म्हणते म्हणून.

"भर," मी म्हणाले.

पुढे मी कितीतरी चित्रपट केले. त्यातले बरेच त्यानेच जोडले, आणि जवळजवळ प्रत्येकावरून आम्ही कडाकडा भांडलो. पण धन्यवाद काही मी त्याला अजून म्हटलेलं नाही.