न दिलेली ओ

वणीजवळच्या एका कोळसा कंत्राटदाराकडे मी नेटवर्क सांभाळतो. खाणीतला सगळा डेटा क्लाउडवर जातो, आणि मार्चपासून तो माझ्या खोलीतल्या फायरवॉलमधूनच जातो. दुसरी वाटच मी ठेवली नाही. यादीत नाव असेल तर पुढे. नसेल तर फायरवॉल नाही म्हणत नाही, नुसती गिळून टाकते. पाठवणारा ओची वाट बघत बसतो. मला याची फार गंमत वाटायची.

कामगारांच्या कमरेच्या पट्ट्याला संकटात दाबायचं बटण असतं. दाबलं की हाक याच फायरवॉलमधून कंट्रोल रूमला पोचते, आणि ओ म्हणून बटणाचा हिरवा दिवा लागतो. एकदा यादी बदलताना तीन नंबर खाणीचे पट्टे तीत घालायचे मी विसरलो. त्याच दुपारी तिथं उकंडा नावाच्या कामगारावर कोळशाचा ढीग घसरला आणि तो गेला. फायरवॉलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, त्याच्या एकावन्न हाका होत्या, तीन-तीनच्या. नोकरी प्यारी होती; मी लॉग पुसला. तपासायला माझ्याकडे आलेल्या त्याच्या पट्ट्याची बॅटरी काढून तो ड्रॉवरमध्ये टाकला.

आठवड्यानं त्याची बायको आली, कांताबाई.

"भाऊ, त्यानं बटन दाबलं नवतं का?"

"नाही."

"असं कसं? घरी पानी मांगाले बी तीनदा हाका मारे तो. ओ देल्याबिगर चूप बसे नाही."

"दाबलं असतं तर दिसलं असतं, बाई."

दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी लॉगमध्ये तीन ओळी आल्या. उकंडाचा पट्टा, तीन नंबर खाण. कुणाची तरी टवाळी असणार म्हणून मी तो पट्टा सिस्टिममधून कायमचा बंद केला.

काल पुन्हा तीन. या वेळी जागा खाणीची नव्हती, माझ्या खोलीची होती. मी ड्रॉवर उघडला. बॅटरीची खाच रिकामी होती. बटण आत दाबलेलं होतं.

आज कांताबाई परत आली.

"शेवटचं इचारून राह्यली, भाऊ. त्यानं हाक मारलीच नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग मरतानी त्याले मी बी आठवली नाही," ती म्हणाली आणि उठली.

ते मात्र मला सोसवेना.

"कांताबाई, मारल्या होत्या हाका!"

ती दाराशी चपला घालत होती. तिला काही ऐकू गेल्याचं दिसेना.

"कांताबाई!"

ती जिना उतरू लागली.

"कांताबाई!"

खाली फाटक वाजलं.

स्क्रीनवर तीन नव्या ओळी होत्या. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव. पोचल्याचा पत्ता, तीन नंबर खाण.

ड्रॉवरच्या फटीतून हिरवा उजेड येत होता.