वाकडी करंगळी

आमच्या ताईची डावी करंगळी वाकडी आहे. लहानपणी झोक्यावरून पडली, हाड नीट जुळलं नाही, आणि करंगळी कायमची बाहेर वळली. चहाचा कप धरला की ती पाहुण्यांकडे बोट दाखवतेय असं वाटायचं. घरात त्यावरून चिकार चेष्टा व्हायची. त्या करंगळीपायी तिची नोकरी जायची वेळ येईल, हे मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ताई पुरातत्त्व खात्यात. चुनखडीच्या डोंगरातली ती गुहा तिनंच शोधली. आतल्या दालनात एका भिंतीवर हातांचे ठसे आहेत. रंगात बुडवून उमटवलेले नव्हेत. दगडावर हात टेकवायचा, तोंडात गेरू कालवायचा आणि त्यावर फुंकायचा. हात उचलला की भोवती लाल आणि मध्ये हाताएवढी कोरी जागा. हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे, असं ताईनं लिहिलं. कौतुक झालं, हारतुरे झाले. मग एका बैठकीत भिंगवाल्या सरांची नजर तिच्या करंगळीवर गेली.

हे सर ताईचे गुरू. खिशात कायम भिंग, म्हणून ते नाव. त्यांनी तिला हात टेबलावर ठेवायला लावला, मापं घेतली आणि भिंतीवरच्या मधल्या ठशाशी ताडून पाहिली. पेरन् पेर जुळलं. करंगळीचं वळणसुद्धा.

"नावासाठी माणूस कुठल्या थराला जातो!" ते सगळ्यांदेखत म्हणाले. चौकशी बसली आणि ताईला घरी बसवलं. मी तिथं असते तर ते भिंग त्यांना गिळायला लावलं असतं.

ताई दिवसभर डावा हात पदराआड घेऊन बसायची. जेवतानासुद्धा. ते बघून माझं डोकं फिरायचं.

"जाऊ दे गं, ठिणगे," ती म्हणायची. घरात मला ठिणगी म्हणतात, ते काही उगाच नाही.

"जाऊ दे काय? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी काढते फोटो. बघू कोण काय म्हणतं ते."

मी फोटोग्राफर. जुनी नाणी, शिलालेख, झिजलेल्या मूर्ती, हेच माझं काम. त्या भिंतीवरून पूर्वी पाणी झिरपायचं. अशा पाण्यानं दगडावर क्षाराचा पापुद्रा धरतो, काचेसारखा, आणि नखाएवढी जाडी यायलासुद्धा कित्येक पिढ्या जातात. समोरून फ्लॅश मारला तर तो दिसतच नाही. बाजूनं, भिंतीला घासून उजेड टाकला, की त्याची कड सावली धरते. ती कड रंगाच्या वरून गेलेली दिसली, की रंग पापुद्र्याहून जुना. मग ताईच काय, आमची पणजीसुद्धा आरोपातून सुटली.

सरांची एकच अट होती. मूळ फोटो द्यायचा, अख्खा. कडेनं कापलेला चालणार नाही. गुहेत जायची परवानगीही एकाच दिवसाची मिळाली. दुसऱ्या दिवशी सुनावणी.

सकाळी आम्ही दोघी आत गेलो. गुहेचं तोंड एवढं बुटकं की बॅग पुढे ढकलत रांगावं लागलं. आतलं दालन मात्र ऐसपैस, कोरडं, आणि ओल्या खडूसारख्या वासाचं. कोरड्या जागेला ओला वास कसा, हे मी ताईला विचारलं. ती म्हणाली, मागच्या वेळी नव्हता.

काम असं होतं. कॅमेरा तिकाटण्यावर, त्याच्यामागे ताई. सगळे दिवे बंद. ती शटर उघडून ठेवणार, आम्ही दोघी जरा वेळ पुतळ्यासारख्या उभ्या राहणार, म्हणजे हादरे थांबतील. मग मी भिंतीजवळून टॉर्च लावून उजेड हळूहळू फिरवणार.

"उघडलं," ताई म्हणाली.

मी अंधारात उभी होते. तोल जरासा गेला, आणि मी डावा हात भिंतीला टेकवला. हातांचा घाम रंगाला मारक असतो, म्हणून भिंतीला बोट लावायचं नाही, हा पहिला नियम. मी तो मोडला. दगड गार असायला हवा होता. तो कोमट होता.

तेवढ्यात हातावर फुंकर आली.

जवळून, ओली, एका दमात. फूऽऽ.

"ताई, हा काय चावटपणा?"

"कसला?" तिचा आवाज कॅमेऱ्यामागून, दालनाच्या पलीकडच्या टोकाकडून आला.

मी टॉर्च लावला. शेजारी कुणी नव्हतं. माझ्या हाताच्या पाठीवर बारीक लाल थेंब होते. भिंत तिथं कोरी होती.

भीती वाटली. नाही कशाला म्हणू? पण माझ्या बहिणीनं आधीच पुरेसं सोसलं होतं, आणि आता ही अंधारातली थेरं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण आहे?" मी ओरडले. "फुंकायचंय तर समोर येऊन फुंक! फोटो घेतल्याशिवाय मी हलणार नाही, समजलं?"

त्या दालनात साधं खोकलं तरी आवाज घुमून परत यायचा. माझं ओरडणं परत आलं नाही.

"ठिणगे, चल बाहेर," ताई हळूच म्हणाली.

"शटर उघड."

हात रुमालाला पुसून मी पुन्हा भिंतीजवळ उभी राहिले. टॉर्च सरळ फिरवला. मनासारखं येईपर्यंत फोटो घेतले, आणि मगच बॅग भरली.

घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडला, आणि मी टाळीच वाजवली. पापुद्र्याची कड ताईच्या ठशावरून, थेट त्या वाकड्या करंगळीवरून गेली होती. स्वच्छ, सणसणीत पुरावा. ताई रडायला लागली. मीही रडले.

मग ती रडायची थांबली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

मी हात टेकवला होता तिथं दुसरा ठसा होता. पापुद्र्याखाली, ताईच्या ठशाइतकाच जुना. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये अशा गोष्टी दिसत नाहीत, टॉर्चच्या घाईतही सुटू शकतात, असं मी स्वतःला बजावलं. पण त्या ठशाचा अंगठा आकड्यासारखा मागे वळलेला होता. तसा अंगठा आमच्या घरात फक्त माझा आहे.

आणि करंगळीशेजारच्या बोटाला वरचं पेरच नव्हतं.

मी माझा हात पाहिला. बोटं सगळी जागेवर. बाकीचे फोटो उघडले. सगळ्यांत तो ठसा होता.

"कड कापून टाक," ताई म्हणाली.

"कापली तर ते म्हणतील, बघा, यांनी फेरफार केला. तू कायमची खोटी ठरशील."

"ठरू दे! मला नको ती नोकरी. तो हात कुणाला दाखवू नकोस."

"मी काय माझ्याच हाताला घाबरू?" मी म्हणाले. "अख्खा जाणार फोटो."

सुनावणीत भिंगवाल्या सरांनी मोठा करून आणलेला फोटो टेबलावर पसरला. बराच वेळ वाकून पाहिलं. शेवटी ताईकडे वळले.

"पापुद्रा रंगावरून गेलाय. हे तुझं काम असणं शक्य नाही. मी जाहीर माफी मागतो."

"मग माझी करंगळी, सर?"

"योगायोग," ते म्हणाले. पण भिंग उजवीकडे सरकलं आणि तिथंच थांबलं. "हा शेजारचा कुणाचा?"

मी दोन्ही हात त्यांच्यासमोर आपटले. "घ्या मापं. माझी बोटं पूर्ण आहेत. करायची असेल तर करा आणखी एक चौकशी!"

सरांनी मापं घेतली नाहीत. भिंग खिशात टाकलं, आणि स्वतःचे हात हळूच टेबलाखाली घेतले.

जिना उतरताना ताईनं माझा डावा हात धरला. हात नव्हे, करंगळीशेजारचं तेवढं एकच बोट, मुठीत गच्च.

"जिंकलो ना गं आपण?"

"जिंकलो म्हणजे काय, चांगली जिरवली! सोड आता, दुखेल मला."

"दुखतंय?" तिनं विचारलं, आणि मूठ आणखी आवळली. तिची पेरं पांढरी पडलेली मला दिसली. बोटाच्या मुळाशी मला तिची पकड नीट कळत होती. वरच्या पेराला काहीच कळत नव्हतं.