सव्वाचारची गाडी

लेक बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायची आणि बाप मागच्या आगारात मेकॅनिक होता. रेकॉर्ड केलेली घोषणा तिला खपायची नाही. "घरात माझं कुणी ऐकत नाही, इथे अख्खं स्टँड ऐकतं," म्हणायची. गाडीखाली आडवा पडलेल्या बापाला आधी तिने माइकवर पेनाने मारलेल्या दोन टिचक्या ऐकू यायच्या, मग ती.

गाठ त्यानेच पाहिली. घोषणेआधी ती घोटभर पाणी प्यायली, तेव्हा गळ्यात काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली. चोविसाव्या वर्षी थायरॉइडचा कॅन्सर.

"हा बरा होतो," सर्जनबाई म्हणाल्या. "सगळी ग्रंथी काढू. मागून आवाजाच्या नसा जातात, त्या जपू."

लेकीने एकच विचारलं, "आवाज जाणार नाही ना?"

सकाळी दहाला तिला आत नेलं. साडेअकराला आगारातल्या जोडीदाराचा फोन आला.

"काय रे, ऑपरेशन पुढे ढकललं का?"

"नाही. आत आहे ती."

"मग इथे कोण बोलतंय?"

फोनमध्ये मागे दोन टिचक्या वाजल्या. मग लेकीचा आवाज, अगदी स्वच्छ. बापाने ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

दुपारी सर्जनबाई बाहेर आल्या. गाठ निघाली होती, दोन्ही नसा शाबूत होत्या. पण लेक शुद्धीवर आली तेव्हा नुसते ओठ हलले. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पाहिलं, तर स्वरतंतू व्यवस्थित हलत होते. "असं व्हायला नको," सर्जनबाई स्वतःशीच म्हणाल्या.

बाप तिच्या पर्समधली किल्ली घेऊन स्टँडवर गेला. घोषणेच्या खोलीचं कुलूप त्यानेच काढलं. खुर्ची रिकामी होती. माइकचा दिवा लागलेला होता.

"घरी चल, बाळा," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना.

दोन टिचक्या.

"सव्वाचारची गाडी फलाट तीनवर लागत आहे."

तो धावतच दवाखान्यात परतला. त्याने तोंड उघडण्याआधीच लेकीने कागद पुढे केला.

'बाबा, स्टँडवरच्या तिला आग्रह करू नका. ती म्हणते, या गळ्यात अजून कुणीतरी आहे.'

तिने पाण्याचा घोट घेतला. पट्टीखाली काहीतरी वर सरकलं.

खाली आलं नाही.