काठाला धरलेलं मडकं

जावयाला काही सांगितलं की तो आधी वही काढायचा! बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, मान हलवायची, सगळं लिहून घ्यायचं आणि मग करायचं ते मनातलंच. त्याच्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, डोकं तापलं होतं ते यामुळे. चाळीस वर्षं चाकावर मडकी घडवलेली ही बाई खेचरामागून तीन दिवस दरी चढून आली, ती काय जावयाची डुलती मान बघायला?

आल्या होत्या एका मडक्यासाठी. नदीच्या वर दरीत एक सपाट टप्पा होता. हजारो वर्षांपूर्वी तिथे गाव नांदून गेलं होतं. चुली, भिंतींचे पाये आणि गावाच्या कडेला मडक्यांत ठेवलेली, जाळलेल्या माणसांची हाडं. नदी खालून टप्पा कुरतडत होती. बाकीची मडकी हलवून झाली होती. उरलं होतं सगळ्यांत मोठं. ते शाबूत काढायला उत्खननाच्या साहेबाने, म्हणजे जावयाने, सासूला आणलं होतं.

पहिल्याच दिवशी आईंनी वरची माती उकरून आतून बोट फिरवलं.

"पोट एकाने घडवलंय, गळा दुसऱ्याने नंतर चिकटवलाय. तोही घाईत! सांधा बघा कसा सुटत आलाय. काठ धरून उचलाल तर गळा हातात येईल. पोटाला पट्ट्या गुंडाळा, खालून फळी सारा. आतली हाडं हलता कामा नयेत."

"वा, आई! फार मोलाचं सांगितलंत," जावई म्हणाला आणि लिहून घेतलं. अक्षर अगदी मोत्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदी तांबडी झाली.

"वर डोंगरात पाऊस कोसळलाय," खेचरवाला म्हणाला. "निघा आता!"

नदीवर दोन दोर होते. वरच्यावरून सामानाची टोपली सरकायची, खालचा धरून माणसं पाणी ओलांडायची. उत्खननाची चित्रं काढणारी आईंची लेक कागदांची नळी पाठीला बांधून आधी पार झाली. पट्ट्या अर्ध्याच गुंडाळून झाल्या होत्या, तेवढ्यात टप्प्याला भेग पडली. लांब. काळी. रुंदावणारी!

"फळी आणा!" आई ओरडल्या.

जावई फळीकडे धावलाच नाही. खड्ड्यात उतरला. दोन्ही हातांनी काठ धरला. ओढला!

कट्!

गळा हातात. पोट जमिनीत.

आईंनी शिवी गिळली, वेळ नव्हता. स्वतःच फळी सारली, शाल काढून पोटाभोवती आवळली. खेचरवाल्याने दुसरी बाजू उचलली. मडकं टोपलीत बसलं. पलीकडे जाऊन तो टोपली ओढू लागला.

मग आई आणि जावई पाण्यात उतरले. पाणी कमरेला. मग छातीला. जावयाच्या एका हातात दोर, दुसऱ्यात गळा. मधोमध त्याचा पाय सटकला!

"टाक तो गळा!"

"आई, हा नक्षीचा काठ गेला तर..."

"टाक म्हणते ना, गाढवा! माझी लेक उभी आहे पलीकडे!"

त्याने गळा सोडला. दोन्ही हात दोरावर आले. आईंनी मागून त्याची कॉलर पकडली ती काठावर पोचेपर्यंत सोडली नाही. मागे धडाड् आवाज झाला. चुली, भिंती, अख्खं गाव नदीत उतरलं!

टोपली मात्र पोचली होती. शालीच्या आत माती जशीच्या तशी होती, मातीत पांढरी हाडं आणि एक इवलासा मणी.

"आई, त्यांना गाढव म्हणालीस!" लेक रडता रडता हसली.

"पाण्यात मानपान भिजला होता. आता वाळेल."

जावयाने खोकत पाणी बाहेर काढलं आणि हात खिशात घातला. "तसं म्हटलं, तर मोहीम फत्तेच झाली..."

आईंनी शांतपणे केस पिळले.

"काढा वही, जावईबापू. लिहा. कुणीतरी हे पोट जीव ओतून घडवलं, कारण आत माणूस ठेवायचा होता. गळा थापला तो कामाकडे लक्ष नसलेल्याने. त्याचं नाव काही सापडायचं नाही. पण वंश सापडलाय. माझ्यासमोरच बसलाय, निथळत!"